घाट शहराचा, पूर गल्लीचा

नांदेडच्या जुन्या भागात नदीजवळचे एखादे घर विकायला निघाले, की गिऱ्हाईक खोल्या मोजण्याआधी एक प्रश्न विचारते : पाणी कुठवर आले होते? घरमालक उंबऱ्याकडे, जिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीकडे किंवा भिंतीवरच्या पुसट रेघेकडे बोट दाखवतो आणि त्यानंतर किमतीची बोलणी सुरू होतात. नव्या वसाहतीत जागेचा भाव समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरतो. येथे तो पुराच्या उंचीवरून ठरतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत भूमिभाड्याचे जे विवेचन असते, त्याचे इतके साधे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

तथापि या व्यवहारात एक गोष्ट हिशेबाबाहेर राहून जाते. घाट, देवळे, गुरुद्वारे, यात्रेकरूंची वर्दळ, त्यावर चालणारी बाजारपेठ आणि शहराचे नाव हे नदीने दिलेले सारे मूल्य संपूर्ण शहराच्या खाती जमा होते. नदीमुळे होणारे नुकसान मात्र काठावरच्या मोजक्या गल्ल्यांच्या खाती खर्ची पडते. जमा एकाच्या नावे आणि खर्च दुसऱ्याच्या नावे, अशी ही वही आहे. जुन्या नांदेडचा प्रश्न वारशाचा आणि भावनेचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. तो तसा आहेही. परंतु मुळात तो या वहीचा प्रश्न आहे, आणि ती वही दुरुस्त झाल्याखेरीज वारसाही टिकणार नाही.

गावठाणाचे शहाणपण

नांदेड हे फार जुने गाव. चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात नांदीकड या स्थळाचा उल्लेख येतो आणि संशोधक ते म्हणजेच आजचे नांदेड असे मानतात. गोदावरीच्या काठावर नंदगिरीचा किल्ला उभा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे आले, येथेच माधोदास बैरागी त्यांचा शिष्य होऊन बंदासिंग झाला आणि त्याच वर्षी गुरूंनी येथे देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. नगीना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट, उर्वशी घाट ही नावे म्हणजे या गावाच्या चरित्राची पानेच होत. होळी, गाडीपुरा, चौफाळा, इतवारा, वजिराबाद या वस्त्यांत मराठी, दखनी उर्दू आणि पंजाबी वळणाची बोली पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत.

हे गाव नदीकाठी वसले ते हौसेने नव्हे. पाणी, मळई, दळणवळण आणि तीर्थ ही चार कारणे एकत्र आली म्हणून वसले. जुन्या गावठाणांच्या रचनेत एक व्यावहारिक शहाणपण आढळते. राहती घरे उंचवट्यावर, उतारावर गुरांचे गोठे व भाजीचे मळे, आणि अगदी पाण्याशी ज्यांचे काम पाण्याशीच आहे ते धोबी, कोळी, नावाडी. नावघाट हे नावच तेथील जुन्या कामाची साक्ष देते. नदीला वर्षातून काही दिवस लागणारी जागा तिच्यासाठी मोकळी ठेवलेली असे. पूर येत असे, मळे बुडत, पण मळ्यावर गाळ बसे आणि पुढचे पीक चांगले येई. पुराची किंमत होती, तसा त्याचा परतावाही होता.

ही रचना मोडली ती गाव वाढले तेव्हा. निजामाच्या राजवटीत रेल्वे आली, उस्मानशाही गिरणी आली, मोंढा वाढला. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि पुढे शाळा-महाविद्यालये निघाली, कचेऱ्या वाढल्या. नंतरच्या दुष्काळांनी खेड्यांतली माणसे शहराकडे लोटली. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी स्टेशनपलीकडे व पुढे नव्या वसाहतींत भूखंड घेतले. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांना परवडणारी जागा एकच उरली होती, आणि ती म्हणजे पूर्वी नदीसाठी मोकळी ठेवलेली. १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांवर गेली. आज पूर प्रथम खडकपुरा, गंगाचाळ, नावघाट अशा सखल वस्त्यांत शिरतो. तेथील रहिवाशांना नदीचा स्वभाव कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. धोका ठाऊक असूनही त्यांनी तो पत्करला आहे, कारण शहरात त्यांना परवडणारे भाडे फक्त धोक्याच्या जागीच उपलब्ध आहे.

पाऊस आणि दरवाजे

पूर ही देवाची करणी, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आजच्या गोदावरीविषयी हे पूर्णांशाने खरे नाही. नांदेडच्या वरच्या अंगाला १९७६ साली पुरे झालेले पैठणचे जायकवाडी धरण आहे, सिंदफणेवर माजलगाव आहे, पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर आहेत. शहराच्या अगदी उशाशी विष्णुपुरीचा जलाशय आहे आणि नांदेडकरांच्या नळाला येणारे पाणी प्रामुख्याने त्याचेच असते. विष्णुपुरीची साठवण सुमारे ८० दशलक्ष घनमीटर, म्हणजे जायकवाडीच्या मानाने अगदीच थोडी. ती पावसाळ्यात लवकर भरते आणि मग वरून येणारे पाणी अडवून धरण्याची शक्ती तिच्यात उरत नाही; जेवढे आले तेवढे खाली सोडावे लागते. खालच्या अंगाला धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात.

याचा अर्थ असा की, नांदेडच्या घाटावर किती पाणी येणार हे आभाळाइतकेच दरवाजांवरही अवलंबून आहे. तीन नद्यांचे विसर्ग एकाच वेळी येऊन मिळाले तर गल्लीत कंबरभर पाणी येते. ते काही तासांच्या अंतराने आले तर तेच पाणी पायऱ्यांशी थांबू शकते. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने नांदेडच्या सखल भागात हाहाकार उडाला. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हाही काठावरच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. धरणांवर काम करणाऱ्या अभियंत्यांना दोष देण्याचे येथे प्रयोजन नाही. भरलेले धरण फुटू देणे कुणालाच परवडणारे नसते. परंतु पाणी सोडण्याचा निर्णय माणसे घेतात हे एकदा मान्य केले, की त्या निर्णयाचा खर्च कुणी सोसावा, हा प्रश्नही माणसांचाच होतो.

त्यातही एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. पुष्कळदा पाणी नदीकडून सरळ येत नाही. ते नाल्यातून उलटे येते. नदीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर चढली, की शहराचे सांडपाणी नदीत उतरू शकत नाही. फुगवट्याने ते माघारी फिरते आणि नदीपासून दूर असलेल्या घराच्या मोरीतून वर येते. पुराच्या पाण्याने भिंत ओली होते. या पाण्याने घर आजारी पडते. उन्हाळ्यात परिस्थिती उलट असते. पात्रात वाहते पाणी नसते, उरलेल्या डोहांत नाल्यांचे सांडपाणी साचते आणि त्यावर जलपर्णी पसरते. पावसाळ्यात पूर व उन्हाळ्यात दुर्गंधी अशी दोन्ही टोके एकाच गल्लीच्या वाट्याला येतात. ज्या घाटावरून तख्ताच्या स्नानासाठी गोदावरीचे पाणी श्रद्धेने नेले जाते, त्याच काठावर ही अवस्था असावी, हे कुणालाच भूषणावह नाही.

दर्शनी बाजू आणि मागील दार

नांदेडसाठी पैसा आलाच नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र शासनाने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले आणि धार्मिक व ऐतिहासिक महत्त्वामुळे नांदेडचा त्यात समावेश झाला. २००८ साली गुरू ता गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त लाखो भाविक येणार होते. त्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधले गेले, पाणीपुरवठा व मलनिस्सारणाची कामे निघाली. आज नांदेडला येणारा पाहुणा जे शहर पाहतो, त्याचा बराचसा भाग त्या चार-पाच वर्षांत घडलेला आहे. हे काम आवश्यक होते आणि ते झाले हे चांगले झाले.

परंतु घाट बांधणे आणि घाटामागची वस्ती सावरणे ही दोन वेगळी कामे आहेत. घाट एकदा बांधला, की त्याचे उद्‌घाटन करता येते. नाल्याच्या मुखाशी बसवलेली झडप, गल्लीतल्या गटाराचा योग्य उतार किंवा जुन्या वाड्याची बदललेली तुळई यांचे उद्‌घाटन करता येत नाही. सार्वजनिक खर्चाचा ओघ नेहमीच दिसणाऱ्या कामाकडे वळतो. तो न दिसणाऱ्या दुरुस्तीकडे वळवण्यासाठी हेतुपूर्वक तरतूद करावी लागते. ती तेथे पुरेशी झाली नाही, असे गल्लीत पाऊल टाकताच ध्यानी येते.

वाड्याचे दुखणे

जुन्या भागातील वाडा का ढासळतो? लाकूड जुने झाले, पांढरी माती धुपली, ही कारणे खरी असली तरी वरवरची आहेत. खरे कारण मालकीत आहे. वाडा आजोबांच्या नावावर, वारस सात आणि ते चार गावांत. एक पुण्याला, एक हैदराबादला, एक शहरातल्याच नव्या वसाहतीत. राहतो तो भाडेकरू, आणि भाडे असे की त्यात वर्षाची कौलेही शेकारून होत नाहीत. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे-नियंत्रण कायदा दीर्घकाळ लागू होता. २००० साली त्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याने घेतली. त्यानुसार भाडे दरसाल चार टक्क्यांनी वाढवता येते. ही वाढ चक्रवाढीने धरली तरी शंभर रुपयांचे भाडे दोनशे व्हायला अठरा वर्षे लागतात. तेवढ्या काळात वीट, लोखंड, मजुरी कितीतरी पटींनी वाढलेली असते.

भाडेकरूला संरक्षण नको, असा याचा अर्थ नाही. संरक्षण काढले तर तो जाईल तो थेट निळ्या रेषेच्या आत. पण आजची व्यवस्था अशी आहे की मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला तिचा अधिकार नाही. दोघेही भिंत पडण्याची वाट पाहतात. भिंत पडली की भूखंड मोकळा होतो. म्हणजे वाडा उभा असण्यापेक्षा पडलेला अधिक मोलाचा. ज्या व्यवस्थेत इमारत टिकवण्यापेक्षा मोडण्यात लाभ आहे, तेथे वारशावरील व्याख्यानांनी काही साधत नाही.

किल्लारी आणि लातूर

यावर एक सरळसोट उपाय नेहमी सुचवला जातो : सर्वांना उठवून दूर, उंच जागी नेऊन वसवावे. या उपायाचा अनुभव मराठवाड्याने घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे भक्कम झाली, रस्ते सरळ व रुंद झाले. पण गाव पूर्वीच्या कितीतरी पट जागेवर पसरले. शेत लांब पडले, शेजार तुटला आणि ओट्यावरून ओट्याशी होणारे बोलणे थांबले. म्हाताऱ्या माणसांना नव्या गावात आपले गाव ओळखू येईना.

त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा बोलला जात नाही. जी घरे पूर्ण पडली नव्हती त्यांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण करण्याचे काम अनेक जिल्ह्यांत चालले आणि अशा घरांची संख्या दीड लाखाहून अधिक होती. शासनाने अनुदान हप्त्याहप्त्याने घरमालकाला दिले, अभियंत्याने काम पाहिले की पुढचा हप्ता मिळे, आणि घर कसे बांधायचे हे बहुतांशी कुटुंबानेच ठरवले. ना गाव हलले, ना शेजार मोडला. नांदेडच्या जुन्या वस्तीला जे हवे आहे त्याचा नमुना असा शेजारच्याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. त्यासाठी परदेशी नदीकाठांची चित्रे पाहण्याची गरज नाही.

नदीपासून दूर राहिल्याने सर्व प्रश्न सुटतात हेही खरे नव्हे. लातूर शहर पठारावर वसलेले आहे. गंजगोलाईभोवती सोळा रस्त्यांची बाजारपेठ असलेल्या या शहरात घाट नाही आणि गल्लीत शिरणारा गोदावरीचा पूरही नाही. परंतु २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून लातुरात दाखल झाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ज्या लातूरकराने त्या उन्हाळ्यात रात्री जागून घागर भरली, त्याला नांदेडच्या काठावरची माणसे नदी का सोडत नाहीत, हे समजावून सांगावे लागणार नाही. नदीजवळ राहण्याला किंमत आहे, तशी दूर राहण्यालाही आहे. ती समाजाने वाटून घ्यायची की ज्याच्यावर पडेल त्याने एकट्याने सोसायची, एवढाच प्रश्न उरतो. लातूरसाठी आगगाडी धावली ती सार्वजनिक खर्चाने, आणि ते योग्यच झाले. गाडीपुऱ्यातल्या ओल्या भिंतीला मात्र तो न्याय लागू झालेला नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट माहितीची. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. ते अभियंत्याला कळतात, चहाच्या टपरीवाल्याला कळत नाहीत. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खांब रोवून किंवा भिंतीवर रंग देऊन, विष्णुपुरीतून इतके पाणी सुटले की येथे इथवर येते आणि इतक्या तासांत येते, हे मराठीत, उर्दूत व गुरुमुखीत लिहून ठेवावे. खर्च किरकोळ आहे आणि त्याने शिधा, वह्या-पुस्तके, शिलाईयंत्र आणि म्हातारी माणसे वेळेत माडीवर जातील.

दुसरी गोष्ट नाल्यांची. नाल्यांच्या मुखाशी उलटे पाणी रोखणारी दारे, त्यामागे पंप, आणि सांडपाणी नदीत पडण्यापूर्वी अडवून शुद्ध करण्याची व्यवस्था ही कामे घाटाच्या सुशोभनाआधी व्हावीत. शहराच्या उंच भागातील घरांचे सांडपाणीही याच नाल्यांतून वाहते. म्हणून त्याचा खर्च सबंध शहराच्या करातून होणे हेच न्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. किल्लारीनंतरच्या पद्धतीने जुन्या घरांना हप्त्याने अनुदान द्यावे, सह-वारसांपैकी जो राहतो किंवा खर्च करतो त्याला ते घेता यावे, आणि दुरुस्तीच्या बदल्यात मालकाला वाजवी भाडेवाढ व भाडेकरूला निश्चित मुदतीची हमी मिळावी.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. महाराष्ट्रात नद्यांसाठी दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे : पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना हलवावेच लागेल. तेथे ठेवणे ही दया नव्हे. परंतु त्यांना शहराच्या टोकाला नेऊन टाकले तर मोलकरीण, हमाल, फुलवाला यांची निम्मी कमाई रिक्षाच्या भाड्यात जाईल आणि वर्षभरात ती माणसे परत नदीकाठी दिसतील. चालत कामावर जाता येईल एवढ्या अंतरावर घर द्यावे आणि मोकळी झालेली जागा नदीला परत करावी. ती पुन्हा कुणाच्या भूखंडाच्या रूपाने प्रकट होऊ नये. लाल व निळ्या रेषेच्या मधल्या वस्तीने मात्र तेथेच, पण तळमजल्याचा वापर बदलून आणि घर सावरून राहावे.

हे सारे करूनही पूर येणारच. नदी आहे तेथे तो येईल, आणि दोन पायऱ्या बुडतीलही. पण पाणी कधी येणार हे आदल्या दिवशी ठाऊक असेल, मोरीतून घाण वर येणार नाही, भिंत उभी राहील आणि ओसरल्यावरचा चिखल काढण्याचा खर्च एकट्या घराला सोसावा लागणार नाही. एवढे झाले, तर जुन्या घराची बोलणी चालू असताना घरमालकाला भिंतीवरच्या रेघेकडे बोट दाखवायला संकोच वाटणार नाही. पाणी इथवर आले होते, असे तो म्हणेल. आणि घर विकायचे की ठेवायचे, याचा विचार कदाचित पुन्हा एकदा करील.